संगणकातील जुन्या दप्तराचा जीर्णोद्धार

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी ट्रस्टच्या जुन्या दप्तराविषयी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा अध्यक्षांनी केली. मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली ती हाताने बेरजा मारण्याच्या काळात. संगणकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि गेल्या वर्षी आपल्या दप्तराच्या बाबतीत जो प्रसंग उद्भवला, त्यात चूक माझी होती, आणि ती दुरुस्त होत असताना मी शेजारी बसून सर्व पाहिले. त्या चुकीची कबुली आणि त्यातून मिळालेला बोध एवढेच माझ्या आजच्या भाषणाचे भांडवल आहे.

आपल्यापैकी ज्येष्ठांना 23 जुलै 1989 हा दिवस विसरता येणार नाही. बिंदुसरेला महापूर आला आणि त्याने बीड शहरातील कित्येकांचे संसार वाहून नेले. मनुष्यहानीपुढे वह्यांचे दुःख ते काय! तरीही सांगावयास हवे की आपल्या ट्रस्टच्या पहिल्या चौदा वर्षांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या त्या पाण्यात भिजल्या. आम्ही त्या गच्चीवर वाळत घातल्या. पाने एकमेकांस चिकटलेली, शाई पसरलेली. कोणी किती रुपये दिले हे वाचता येई, तर कोणी दिले ते वाचता येईना. त्या दिवसांपासून तत्कालीन विश्वस्तांच्या मनाने घेतले की, यापुढे दप्तर कागदावर विसंबून ठेवायचे नाही.

त्याप्रमाणे 1996 साली ट्रस्टने संगणक घेतला. त्या काळी पडद्यावर मराठी अक्षर उमटवणे सोपे नव्हते. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली होती. मुळात कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान तिने पुढे नेले व देशभर पोहोचवले. जिस्ट कार्ड म्हणून एक पट्टी मिळत असे. ती संगणकाच्या पोटात बसवली की डॉसवर चालणाऱ्या प्रोग्राममध्येही देवनागरी अक्षरे दिसत. आपण ते कार्ड घेतले. गावातल्याच एका होतकरू तरुणाने फॉक्सप्रोमध्ये आपल्यापुरता हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला. कायम निधी, तिथीदान, पाठशाळा, भोजनशाळा अशी सर्व खाती त्यात होती. मुनीमजी संध्याकाळी पावत्या नोंदवीत आणि ठिपक्यांच्या अक्षरांचा प्रिंटर कर्र कर्र आवाज करीत त्यांची यादी काढी. वीज गेली की सारे थांबे. पण पाण्याची भीती संपली, असे आम्हांस वाटले.

2007 साली नवा संगणक आला, हिशेबाचे नवे पॅकेज आले. त्या वेळी खजिनदार मीच होतो. आम्ही काय केले? व्यापारी करतो तेच केले. जुन्या खात्यांच्या केवळ अखेरच्या शिलका नव्या वर्षाच्या आरंभी ओढल्या. कायम निधीची एकूण रक्कम नव्या हिशेबात आली. परंतु ती कोणाकोणाची, कोणत्या तिथीची, कोणाच्या स्मरणार्थ, हा तपशील जुन्या संगणकातच राहिला. लेखापरीक्षणाला शिलकेपुरते एवढे पुरेसे होते. पुढे 2013 साली कार्यालयाची रंगरंगोटी निघाली, तेव्हा कोपऱ्यातला तो धूळ खाणारा खोका मी भंगारवाल्यास दिला. यादी छापून घेतली आहे का, असे एका शब्दानेही मी कोणास विचारले नाही.

गेल्या वर्षी देणगीदारांच्या नावांचा फलक तयार करण्याचे ठरले, आणि एक वृद्ध श्राविका कार्यालयात आल्या. त्यांच्या दिवंगत यजमानांनी 1998 साली एका तिथीसाठी कायम निधीत रक्कम दिली होती. घर बदलताना पावती गहाळ झाली होती. आमच्या नव्या यादीत ते नाव नव्हते. आम्ही त्यांना आदराने बसवले, चहा दिला आणि सांगितले, ‘काकू, पावती मिळाली तर आणा, नाव नक्की घालू.’ त्या काही बोलल्या नाहीत. उठताना फक्त एवढेच म्हणाल्या, ‘पावती आमच्याकडून हरवली, पण वही तर तुमच्याकडेच होती ना?’

बंधूंनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या संस्थेवर विश्वास ठेवून माणूस आपल्या मागे दान चालू राहावे म्हणून रक्कम सोपवतो, तिने त्याच्या विधवेकडे पुरावा मागावा, यासारखी नामुष्की नाही.

दुसऱ्या दिवशी निवृत्त मुनीमजींना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कपाटातून कापडी पिशवीत बांधलेली एक चौकोनी लोखंडी डबी काढून माझ्या हाती ठेवली. म्हणाले, ‘शेठजी, तुम्ही खोका दिला, तेव्हा मी यातला जीव काढून घेतला होता.’ ती जुन्या संगणकाची हार्ड डिस्क होती. मी त्यांच्यापुढे हात जोडले.

माझा पुतण्या पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. त्याच्याकडे डिस्क सोपवली. मला वाटले, ती नव्या संगणकाला जोडली की झाले. तो म्हणाला, ‘काका, डिस्क वाचता आली तरी प्रोग्राम चालणार नाही. आजच्या 64-बिट विंडोजवर डॉसचे 16-बिट प्रोग्राम थेट चालत नाहीत.’ मला आमच्या आजोबांच्या वह्या आठवल्या. निजामाच्या राजवटीतल्या, मोडीत लिहिलेल्या, हाली शिक्क्याच्या हिशेबाच्या. लाल कापडात बांधलेल्या त्या वह्या आजही सुस्थितीत आहेत. पण घरात मोडी वाचणारे कोणी उरले नाही. पुरात वाचणारे होते, कागद गेला. येथे कागद टिकला, वाचणारा गेला. दप्तर राखणे म्हणजे या दोन्ही गोष्टी राखणे, हे मला तेव्हा प्रथम उमगले.

मग या नव्या दप्तरासाठी वाचणारा आणायचा कोठून? यावरील उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात आभासी संगणक. आपल्या भागात बहुरूपी येतात, हे आपण जाणताच. हवालदाराचा वेश करून दुकानात येतो, खिशातून वॉरंट काढतो, आणि नवखा नोकर खरोखर घाबरतो. आभासी संगणक हा तसाच बहुरूपी. नव्या संगणकात चालणारा तो एक प्रोग्रामच असतो. पण तो जुन्या संगणकाचे सोंग इतके हुबेहूब वठवतो की, जुना प्रोग्राम त्याला आपलाच जुना धनी समजतो. प्रोग्राम विचारतो, डिस्क कोठे आहे? बहुरूपी एक साधी फाइल पुढे करतो आणि सांगतो, ही घे डिस्क. प्रोग्राम म्हणतो, प्रिंटरला कागद पाठव. तो मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये साठवला जातो. यातही दोन प्रकार आहेत. जुन्या यंत्राच्या प्रोसेसरचीसुद्धा नक्कल करणारा तो एम्युलेटर. आणि खऱ्या प्रोसेसरवरच काम करवून घेऊन भोवतालचा संगणक तेवढा आभासी उभा करणारे ते व्हर्च्युअल मशीन.

ही कल्पना आजची नाही. 1964 साली आय.बी.एम. कंपनीने सिस्टिम 360 ही नवी यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा जुन्या 1401 यंत्राच्या ग्राहकांचे प्रोग्राम वाया जाऊ नयेत म्हणून काही नव्या यंत्रांत जुन्याची नक्कल करण्याची सोय दिली. 1972 साली त्याच कंपनीने व्हीएम/370 ही प्रणाली आणली. तीत एकाच मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक नांदत. टेबलावरच्या साध्या संगणकासाठी व्हीएमवेअरने 1999 साली अशी सोय आणली, 2002 साली डॉसबॉक्स आला, आणि 2007 साली व्हर्च्युअलबॉक्स आला. शेवटचे दोन्ही विनामूल्य मिळतात.

पुतण्याने प्रथम डिस्कवरच्या मजकुराची तंतोतंत प्रत काढली आणि मूळ डिस्क पुन्हा पिशवीत बांधून ठेवली. पुढचे सर्व काम प्रतीवर. ट्रस्टचा एका तपाचा कारभार असलेली ती संपूर्ण डिस्क आज माझ्या मोबाइलमधल्या एखाद्या लग्नाच्या चित्रफितीपेक्षा मोठी भरली नाही. फॉक्सप्रोच्या माहितीच्या फायली आजच्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्येही उघडतात, म्हणून त्याने आधी तोच सोपा मार्ग करून पाहिला. आकडे दिसले. परंतु नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे आली, आणि खात्यांच्या जागी नुसते 1, 2, 3 असे संकेतांक आले. तीन म्हणजे तिथीदान की पाठशाळा, हे ज्ञान माहितीत नव्हते. ते प्रोग्रामच्या पोटात होते. म्हणून प्रोग्राम चालवणे भाग पडले.

डॉसबॉक्समध्ये तो सुरू केला, आणि क्षणात बंद पडला. शून्याने भागाकार झाल्याची सूचना आली. मला वाटले, डिस्क बिघडली. पुतण्या हसला. फॉक्सप्रोच्या त्या जुन्या आवृत्त्या सुरुवातीला यंत्राचा वेग मोजतात. आजचे यंत्र इतके वेगवान, की मोजणीचा वेळ शून्य येतो आणि त्या शून्याने भागाकार करताना प्रोग्राम कोसळतो. उपाय काय, तर बहुरूप्याला सांगायचे, हळू चाल. डॉसबॉक्समध्ये वेग कमी करण्याची सोय आहे. तो कमी केला आणि आपला जुना प्रोग्राम पडद्यावर उभा राहिला.

उभा राहिला खरा, पण वाचता येईना. मेनू मराठीत होता आणि पडद्यावर होत्या त्या रेघा आणि चौकटी. बहुरूप्याच्या गाठोड्यात ठराविकच वेश असतात. साधा पडदा, कळफलक, डिस्क, प्रिंटर यांची सोंगे तो करतो. जिस्ट कार्डाचे सोंग आमच्याजवळच्या प्रोग्रामात नव्हते. खरे कार्ड तर मी भंगारात घातलेले. ते असते तरी उपयोग नव्हता, कारण त्याला लागणारी खाच आजच्या संगणकात नसते. विशेष उपकरणावर बेतलेल्या प्रोग्रामची ही मर्यादा आपण सर्वांनी ध्यानी घ्यावी.

अशा वेळी मुनीमजींना बोलावले. ते खुर्चीवर बसले, चष्मा लावला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘वाचता मलाही येत नाही.’ मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटे चालू लागली. तीन, एंटर, दोन, एंटर, मग संकेतशब्द, मग वर्ष. अकरा वर्षे रोज संध्याकाळी केलेले काम त्यांच्या बोटांना पाठ होते. पडदा न वाचता त्यांनी कायम निधीची संपूर्ण यादी काढण्याचा हुकूम दिला आणि ती प्रिंटरऐवजी फाइलमध्ये जमा झाली.

आता उरला अक्षरांचा प्रश्न. तो सुटला, याचे श्रेय त्या काळच्या शास्त्रज्ञांच्या दूरदृष्टीला आहे. जिस्टमधील अक्षरांचे संकेतांक मनमानी नव्हते. भारतीय भाषांसाठी इस्की नावाची एक राष्ट्रीय संकेतपद्धती ठरवली गेली होती, आणि 1991 साली भारतीय मानक ब्युरोने तिचे प्रमाण प्रसिद्ध केले. आज मोबाइलपासून बँकेपर्यंत सर्वत्र असलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या 1988 च्या आराखड्यावरूनच बेतलेली आहे. त्यामुळे एका अक्षरासमोर दुसरे अक्षर ठेवून रूपांतर करता आले. काही वेळातच चिन्हांच्या जागी नावे दिसू लागली. मुनीमजी एकेक नाव मोठ्याने वाचीत होते. त्यातले कित्येक आज हयात नाहीत. त्या श्राविकांच्या यजमानांचे नाव आले, तिथीसह, रकमेसह, पावती क्रमांकासह. तसेच फलकाच्या यादीतून सुटलेली आणखीही काही नावे सापडली. त्यांच्याविषयी तर विचारायलाही कोणी आले नव्हते.

मी स्वतः त्या माउलींच्या घरी गेलो, यादी दाखवली आणि ट्रस्टच्या वतीने क्षमा मागितली. त्यांनी कागदावरच्या नावावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, ‘बरं झालं.’ त्या दोन शब्दांत मला सर्व पावले.

दुसरे काम रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे. 2000 सालच्या त्या स्मरणिकेच्या मोजक्या प्रती उरल्या आणि त्यांनाही वाळवी लागली. त्यातील जुने लेख पुन्हा छापावेत अशी संपादक मंडळाची इच्छा होती. छापखान्याने सीडी जपून ठेवली होती. पण ती मजकूर-जुळणी पेजमेकर 6.5 मधली. नव्या संगणकावर ती उघडेना. तेव्हा व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज एक्सपी बसवले, पेजमेकर बसवले, त्या वेळचे फाँट बसवले आणि पाने जशीच्या तशी उघडली. मूळ परवान्यांच्या सीडी छापखान्याने सांभाळल्या होत्या म्हणूनच हे योग्य रीतीने करता आले. धर्मसंस्थेच्या कामात चोरीचा प्रोग्राम वापरणे कोणासही रुचले नसते. टंकनाच्या प्रोग्रामला संगणकामागे एक कुलूप लावावे लागे, ते लावण्याची जागाच आता नाही. परंतु आम्हांस नवे टंकन करायचे नव्हते. पाहण्यापुरते फाँट पुरेसे ठरले.

येथे मात्र अक्षरे इस्कीची नव्हती. त्या काळचे फाँट अक्षर कसे दिसते त्या क्रमाने मजकूर साठवीत. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. ‘धर्म’ शब्दातला रफार अखेरीस. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण ते चुकतात. म्हणून आभासी संगणकात उघडलेले मूळ पान शेजारी ठेवून आपल्या पाठशाळेच्या मुलींनी ओळ न ओळ तपासली. यंत्राने दार उघडले; आत जाऊन वस्तू बाहेर आणण्याचे काम माणसांनी केले.

हे आपल्या परंपरेस नवीन नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्रीच्या श्रावकांनी शतकानुशतके जिवापाड जपली. परंतु ती जुन्या कानडी लिपीत, म्हणून इतरांस अगम्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूर-मुंबईकडील श्रावकांच्या पुढाकाराने त्यांच्या प्रती देवनागरीत उतरवण्याचे काम सुरू झाले, आणि 1939 साली डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला भाग अमरावतीहून प्रकाशित झाला. जपणूक आणि लिप्यंतर, दोन्ही घडले म्हणून ग्रंथ आपल्या हाती आला.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. व्यापारी बंधूंनाही त्या उपयोगी पडतील, कारण आपल्या अनेकांच्या दुकानांत जुन्या उधाऱ्यांचे संगणक कोपऱ्यात पडून आहेत.

पहिली, जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याच्या डिस्कची प्रत काढा. डिस्क तशीच गेली तर ग्राहकांची आणि देणगीदारांची नावेही अनोळखी हातांत जातात. डिस्क फार काळ थांबत नाही. ती फिरायची बंद झाली, की बहुरूपी काही करू शकत नाही.

दुसरी, मूळ सीडी, परवाने व संकेतशब्द एका पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. शक्य असेल तेव्हा जुन्या मुनिमांना बसवून प्रोग्राम कसा चालतो ते लिहून घ्या. सर्वांनाच आमच्यासारखे मुनीमजी लाभतील असे नाही.

तिसरी, आभासी संगणकात चालवलेले जुने विंडोज इंटरनेटला जोडू नका. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी थांबवली. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तो अशाच डागडुजी न झालेल्या संगणकांत शिरून. तसेच आभासी संगणक रोजच्या कारभारासाठी नाही. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कापडही त्याच्या कक्षेत आले, तेव्हा माझ्या दुकानातला जुना बिलाचा प्रोग्राम निरुपयोगी झाला. जुनी उधारी पाहण्यास तो चालेल. नवे बिल करण्यास नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, आत गेलात की माहिती बाहेर काढा. युनिकोड मजकूर, साधे तक्ते, पीडीएफ आणि कागदावर छापील प्रत, अशा रूपांत ती ठेवा आणि तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. जपानसारख्या प्रगत देशाच्या सरकारलाही आपल्या नियमांतील फ्लॉपीची अट 2024 साली काढून टाकावी लागली. आज आपण ज्या पॅकेजमध्ये हिशेब लिहितो, तेही उद्या जुनेच होणार.

म्हणून विश्वस्त मंडळाने ठराव केला आहे की, दरवर्षी लेखापरीक्षण पूर्ण झाल्यावर कायम निधी व तिथीदान यांची संपूर्ण यादी, केवळ शिलका नव्हे, छापून बांधून घ्यायची आणि तिची संगणकीय प्रत दोन विश्वस्तांकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची. या ठरावाचा मसुदा मी लिहिला. खजिनदार म्हणून 2007 साली मी जे करायला हवे होते, ते असे अठरा वर्षे उशिरा केले.

देरासरातील दगड निखळला तर आपण जीर्णोद्धार करतो, कारण तो पूर्वजांनी आपल्यावर सोपवलेला ठेवा आहे. दात्याचे नाव हाही तसाच ठेवा आहे. पन्नास वर्षांनी शतकमहोत्सव होईल, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण नसतील. त्या वेळी एखादी नात या कार्यालयात येऊन आपल्या आजीच्या तिथीविषयी विचारील, तेव्हा तिच्याकडे कोणीही पावती मागू नये, एवढीच प्रार्थना.

 बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!